इंगळे गुरुजींचं ‘कशावरून’

इंगळे गुरुजी बातमी खालून वर वाचायचे. आधी शेवटचा परिच्छेद, मग त्याच्या वरचा, असं करत करत सगळ्यात शेवटी मथळा. मथळ्यावर तोवर त्यांचा डावा तळहात असायचा, एखाद्या द्वाड पोराचं तोंड दाबून धरावं तसा. कोणी विचारलंच तर म्हणायचे, “वर पेपरवाला बोलून राह्यते. बातमी खाली असते. आधी तिचं आईकून घेऊ, मंग याचं पाहू.”

मी लग्न होऊन सौंसरला आले तेव्हा आमची आणि त्यांची भिंत एकच होती. मी नागपुरात वाढलेली. मला वाटलं होतं, सौंसर म्हणजे संत्री, कापूस आणि दुपारची झोप. पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडे असा आरडाओरडा सुरू झाला, की मी घाबरून सासूबाईंना विचारलं, भांडण लागलंय का? त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “भांडन नाई वो, पेपर आला.”

नागपूरचा पेपर खरं तर सकाळच्या बसनेच यायचा. पण गुरुजी शाळेतून येऊन, हातपाय धुऊन ओट्यावर बसेपर्यंत आमच्या आळीत तो आलाच नाही असं समजायचं. मग चार-सहा माणसं जमायची. बोरगावचे संत्रावाले बाबाराव तर आपली सायकल थेट ओट्याला टेकवूनच बसायचे. कोणीतरी बातमी वाचायचा, गुरुजी ऐकायचे आणि वाचणारा श्वास घ्यायला थांबला, की मान तिरकी करून विचारायचे, “कशावरून?”

बस, एवढंच. या एका शब्दावर ते ओटा चालवत होते.

दिसायला गुरुजी उंच, किडकिडीत, डोळ्यांवर तारेचा चष्मा. शर्टाचं गळ्याचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं. हातात बारा महिने छत्री. हिवाळ्यात छत्री कशाला म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “पाऊस हिवाळ्यात येत नाई, कशावरून?” भाजीवाली म्हणाली वांगी ताजी आहेत, की कशावरून. कंडक्टर म्हणाला गाडी सुटतेच आहे, की कशावरून. एका सोयरिकीच्या बैठकीत वरपक्षाने ‘पोरगा सुपारीच्या खांडालाही शिवत नाही’ असं सांगितलं आणि गुरुजींच्या तोंडून सवयीने शब्द निघून गेला. तेव्हापासून त्यांना सोयरिकी जुळवायला कोणी नेईना. सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, “आमच्या लग्नात भटजीनं सावधान म्हनलं तवा हे गप रायले, एवढंच माहं नशीब.”

शाळेत ते विज्ञान शिकवायचे. मी पुढे त्याच शाळेत लहान वर्गांवर लागले, त्यामुळे त्यांचा आवाज मला घरीही होता आणि दारीही. पुस्तकातलं वाक्य वाचून झालं, की पोरांनी हात वर करून ‘कशावरून?’ विचारायचं, असा त्यांच्या वर्गाचा नियम होता. जो विचारणार नाही तो उभा राहणार. इतर मास्तर वैतागायचे, कारण गुरुजींच्या तासावरून उठलेली पोरं त्यांच्या तासाला शिवाजीराजांच्या जन्मापासून पाढ्यांपर्यंत सगळ्याला कशावरून विचारत सुटायची.

पण गावाचा त्यांच्यावर विश्वास बसला तो ग्रहणाच्या वर्षी. पेपरात रोज काहीतरी छापून यायचं. बाहेर पडू नका, पाणी भरून ठेवू नका, डोळे जातील, आणखी काय काय होईल. त्या दुपारी सौंसरचा बाजार असा बंद, की कुत्रीही दिसेनात. मी घरात दार लावून बसलेली. एवढ्यात भिंतीवरून गुरुजींची हाक आली, “सूनबाई, या बाहीर! वर पाहू नका, खाली पाहा!” सासूबाई नको नको म्हणत असताना मी गेले. अंगणात सगळा वर्ग उभा, आणि गुरुजींच्या हातात काकूंची गव्हाची चाळणी. चाळणीच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर एकेक सूर्य उतरला होता, आणि प्रत्येक सूर्य चंद्रकोरीसारखा कुरतडलेला. साऱ्या अंगणात कोरीच कोरी. पोरं त्या तळहातावर झेलत होती. पाचेक मिनिटांनी सासूबाई डोक्यावर पदर घेऊन दारात आल्या, मग अंगणात आल्या, आणि मग त्यांनीच चाळणी धरली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर गर्दी मावेना.

त्यानंतर सगळे ग्रह एका ओळीत येणार आणि पृथ्वीचे तुकडे होणार असं पेपरात आलं. बाबाराव गड्याला म्हणाले, औताचं राहू दे आता. दिवसभर जामसांवलीच्या मारुतीपुढे जाऊन बसायचा त्यांचा बेत होता. गुरुजींनी मथळ्यावरचा हात न उचलता बातमी खालून वाचली, कशावरून विचारलं, उत्तर काही मिळालं नाही. तेव्हा म्हणाले, “बाबाराव, तुमी मारुतीले जा, काई हरकत नाई. पन दुसऱ्या दिवशीचे रोडगे तुमच्याकडे. पृथ्वी उरली त जेवू, नाई उरली त तुमचा खर्च वाचला.” पृथ्वी उरली. बोरगावच्या बागेत संत्र्यांच्या सावलीत गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली, आणि तुपाची वाटी पुढे सरकवत बाबाराव सगळ्यांदेखत म्हणाले, “आजपासून पेपर झूट, गुरुजी पक्के.”

त्या वाक्यावर सगळे पोट धरून हसले. गुरुजी तेवढे हसले नाहीत. “असं नोका म्हनू,” ते म्हणाले, “मलेही इचारा.” पण तोवर बाबारावांनी दुसरा रोडगा फोडला होता.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं तेव्हाची गोष्ट. एका उन्हाळ्यात पेपरात मोठ्या अक्षरात आलं, की पृथ्वी तापत चालली आहे, बर्फ वितळणार आणि समुद्र मुंबई गिळणार. ओटा खूश झाला. मुंबई बुडाली तर समुद्र नागपूरपर्यंत येईल का, आला तर संत्री बोटीने पाठवता येतील का, अशी चर्चा रंगली. सगळे गुरुजींच्या तोंडाकडे बघत होते. ठरल्याप्रमाणे त्यांनी विचारलं, “कशावरून?” पेपरात उत्तर नव्हतं. मथळा वीतभर आणि बातमी चार बोटं. ओट्याच्या लेखी विषय तिथे संपला.

गुरुजींच्या लेखी तो तिथे सुरू झाला. त्यांचा एक जुना विद्यार्थी नागपूरला कॉलेजात शिकवत होता. त्याच्याकडून त्यांनी इंग्रजी लेखांच्या झेरॉक्सी मागवल्या. डिक्शनरी मांडीवर घेऊन दिवाळीची सुट्टी गेली, मग हिवाळा गेला. काकू भिंतीवरून मला सांगायच्या, “आजकाल जेवतानाही कर्बवायू. काल मले म्हनते, चुलीत लाकडं कमी घाल.” कुठल्याशा दूरच्या बेटावर, डोंगरावर बसून माणसं वर्षानुवर्षं हवा मोजतात आणि ती रेघ चढतच जाते, हे त्यांनी मला शाळेच्या व्हरांड्यात खडूने भिंतीवर काढून दाखवलं. शिपाई ओरडला, तेव्हा गुरुजींनी ती स्वतःच्या रुमालाने पुसली.

वर्षभराने एका संध्याकाळी ओट्यावर ते आपणहून बोलले. असं ते कधी करत नसत. म्हणाले, “ते पृथ्वी तापाचं म्हनत होते ना, मले वाटते ते खरं असावं. बहुतेक.”

मी भिंतीशी वाळवणाचे गहू उलथत होते. मग बाबाराव हसत म्हणाले, “कशावरून, गुरुजी?”

गुरुजींचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांना विचारलं होतं. ते मांडी सावरून बसले. हवेतला कर्बवायू म्हणजे पृथ्वीच्या अंगावरची वाकळ आहे, कोळसा आणि तेल जाळून आपण ती जाड करत चाललो आहोत, असं समजावू लागले.

“हिवाळ्यात बरंच हाये मंग,” कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

“दहा वर्साआंधी याच पेपरात आलतं का पृथ्वी थंडी होऊन रायली,” बाबाराव म्हणाले. “आता म्हनते तापून रायली. कोनतं खरं?”

“पेपर आन् विज्ञान एक नोहे, बाबाराव.”

“बरं, पेपर सोडा. तुमी सांगा. पुढच्या साली उन्हाळा कडक राहीन का?”

“एका सालाचं नाई सांगता येत.”

“ग्रह लागतीन तवा काई होत नाई, हे त बिलकुल सांगतलं होतं.”

“ते निराळं होतं.”

“कसं निराळं? तवा हो का नाई होतं. आता बहुतेक.” बाबारावांनी तो शब्द असा उच्चारला, जसा दुकानदाराने खोटा रुपया परत करावा.

गुरुजी बोलत राहिले, पण ते उत्तर लांब होतं, आणि आमच्या ओट्याला ‘कशावरून’ नंतर लांब उत्तर ऐकायची सवय नव्हती. कारण तोवर कोणाकडे उत्तरच नसायचं. बाबा, बुवा, पेपर सगळे त्या एका शब्दापुढे गप्प व्हायचे आणि आपण जिंकायचो. लोक दिवेलागणीला निघून गेले.

शेजारच्या पांढुर्ण्याच्या वाचनालयात दर उन्हाळ्यात व्याख्यानं व्हायची. त्या वर्षी गुरुजींनी हाच विषय घेतला. आम्ही दोघी, काकू आणि मी, बसने गेलो होतो. ते फार चांगलं बोलले. आपल्या माणसांना कळावं म्हणून संत्र्यावर आणून सोडलं. मृगाच्या बहारासाठी आपण मे महिन्यात झाडाचं पाणी तोडतो, झाडाला ताण देतो, तो पावसाच्या भरवशावर. पन्नास-साठ वर्षांनी उन्हाळा वाढला आणि पावसाचा वेळच हुकू लागला तर ताण कधी द्यायचा? देऊन बसलो आणि पाऊस आला नाही, तर झाड हातचं जाईल. “होईनच असं मी म्हनत नाई,” त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. “पन याचा इचार आजपासून कराले पाह्यजे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे बसलेला दिलीप लिहून घेत होता. तो त्यांचाच विद्यार्थी. सौंसरला वह्या-पेनांचं दुकान चालवायचा आणि नागपूरच्या पेपराला बातम्या पाठवायचा.

दोन दिवसांनी पेपर आला. गुरुजींनी सवयीने मथळ्यावर हात ठेवला आणि बातमी खालून वाचायला घेतली. पण खाली काही नव्हतं. जागा कमी पडली म्हणून नागपुरात कोणीतरी खालचा भाग उडवला होता. ‘पन्नास-साठ वर्षांनी’ हे शब्द त्यातच गेले आणि ‘होईनच असं मी म्हनत नाई’ हेही. गुरुजींनी हात उचलला. ‘सौंसर-पांढुर्ण्याची संत्री संपणार! इंगळे गुरुजींचे भाकीत.’

भाकीत हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. मी पाहिलं. मला त्यांची कीव आली नाही तेव्हा, राग आला दिलीपचा. तो बिचारा धावत आला होता. “गुरुजी, म्या पूर्न लिवलं होतं. तिकडे कापलं. हेडिंग तिकडच्याईनं देल्लं.”

“तुले माहीत हाये ना बातमी खालून कापतेत?”

“माहीत हाये, गुरुजी.”

“मंग खालचं वरच काहून नाई लिवलं बाप्पा?”

आठवड्याने खुलासा छापून आला. आतल्या पानावर, दोन ओळी, हरवले-सापडलेच्या खाली. तो गावात फक्त काकूंनी आणि मी वाचला असावा.

मथळा मात्र सगळ्यांनी वाचला. बाग बघायला आलेले व्यापारी भाव पाडायला खिशातून तेच कात्रण काढून दाखवू लागले. बाबाराव ओट्यावर आले, सायकल टेकवलीच नाही, हातात धरूनच बोलले. “दोस्ताच्या बागीचं मरन पेपरात देता का गुरुजी? माह्या बापानं लावलेले झाडं हायेत ते.” गुरुजी म्हणाले, “मी वाचवाचं बोलून राहिलो होतो, बाबाराव.” बाबाराव म्हणाले, “पेपरात त तसं नाई.” ज्या माणसाने पेपर झूट म्हणून तुपाची वाटी पुढे केली होती, त्याने हे म्हणावं! मला अजून हे उमगलेलं नाही. आपल्याला नको असलेलं सांगतो तेव्हा पेपर झूट, आणि ज्याच्यावर रुसायचं आहे त्याच्याविरुद्ध पेपर साक्षीला खरा.

आणि त्या वर्षी नेमकं काय व्हावं? उन्हाळा सौम्य गेला. पाऊस वेळेवर आला आणि भरपूर आला. बहार असा धरला, की फांद्यांना टेकू द्यावे लागले. गावाने वर बघितलं, बागेकडे बघितलं आणि ठरवलं, की गुरुजी चुकले. डोळ्यांनी पाहा, मग माना, हे त्यांनीच शिकवलं होतं ना? गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. एकच साल पाहिलं, एवढंच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे एका बाईचा मोठा पुतळा, निघते. गावातली रोगराई, इडापीडा तिच्यावर घालायची आणि ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत तिला गावाबाहेर नेऊन जाळायचं. सोबत बडग्या असतो. वर्षभरात ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा, कधी महागाईचा, कधी पुढाऱ्याचा. दुपारी निम्मं गाव पांढुर्ण्याला गोटमारीला, दगडफेकीच्या जत्रेला, जातं, म्हणून मारबत सकाळीच येते. आरोळ्या ऐकून मी दारात गेले.

बडग्या उंच होता, किडकिडीत. तारेचा चष्मा, हातात छत्री, गळ्यात हिरव्या संत्र्यांची माळ. संत्री बोरगावची होती, हे मला कोणी सांगायला नको होतं. छातीवर पाटी: ‘गरमी येणार!’ एक जण ओरडायचा, “गरमी येनार!” आणि बाकीचे सगळे एका सुरात, “कशावरून?” मग टाळ्या, आणि, “गरमी अन् गुरुजीले घेऊन जा गे मारबत!” त्यातली कितीतरी पोरं त्यांच्याच वर्गातली. सूर बरोबर लागला होता. मान तिरकी करण्यासह.

गुरुजी ओट्यावर उभे होते. मिरवणूक समोर आली तशी आरोळी जराशी बसली. ते पायऱ्या उतरले, पुतळ्यापाशी गेले आणि त्याच्या शर्टाचं गळ्याचं बटण लावलं. “उघडं नसते ठेवत मी, लेकाहो,” ते म्हणाले. सगळे हसले, मोकळे होऊन हसले, ते स्वतःही हसले. मिरवणूक पुढे गेली. मला त्या दिवशी गावाचा भयंकर राग आला. अजूनही येतो. पण खरं सांगायचं तर त्या हसण्यात द्वेष नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. गावाला वाटत होतं, की आपण गुरुजींच्या शिकवणीला जागतो आहोत.

त्या संध्याकाळी ओट्यावर पेपर उघडला नाही. भिंतीपलीकडे ते काकूंशी हळू आवाजात बोलत होते. “चूक माहीच झाली. म्या त्याईले अर्धंच शिकवलं. इचारा म्हनलं. पन इचारल्यावर उत्तर आईकाले थांबा लागते, हे सांगाचंच रायलं.”

काकू म्हणाल्या, “आता सांगा ना मंग.”

“आता कोन आईकते?”

त्यानंतर त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नाही. वर्गातला नियमही बंद झाला. पोरं हात वर करायची आणि ते म्हणायचे, पुस्तकात आहे ते लिहा. ओट्यावर एक-दोघं सवयीने येऊन बसत, पेपर वरून खाली वाचत आणि उठून जात. भाजीवालीने वांगी ताजी आहेत म्हटलं, की गुरुजी पिशवी पुढे करायचे. काकूंच्या पिशवीत किडकी वांगी येऊ लागली, आणि त्या किडका भाग काढून उरलेलं चिरू लागल्या.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. मुलाकडे नागपूरला जायचं ठरलं. सामान आणि काकू आधी गेल्या. संत्रा निघायच्या दिवसांत, थंडीत, घराची किल्ली मालकाला देऊन ते एकटे निघाले. त्यांना निरोप द्यायला मी सौंसरच्या बसस्टँडवर गेले होते. ते बाकावर बसलेले, छत्री मांडीवर, गळ्याचं बटण लावलेलं. ओट्यावरचे तीन-चार जण आले होते. मग बाबाराव आले. सायकलच्या कॅरियरवर संत्र्यांची करंडी. कितीतरी महिन्यांनी आले होते. त्यांनी करंडी गुरुजींच्या पायाशी ठेवली आणि सायकलची घंटी पुसत राहिले.

शेजारी एक कॉलेजातला पोरगा त्याच्या मित्राला मोठ्याने पेपर वाचून दाखवत होता. पृथ्वी वगैरे काही तापत नाही, असं आता शास्त्रज्ञच म्हणत आहेत, सगळा नुसता बोभाटा होता, असा मथळा होता. मथळाच तेवढा वाचला त्याने.

आम्ही सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. त्यांची मान किंचित तिरकी झाली. मला आत कुठेतरी फार बरं वाटलं. ते पेपराकडे बघत होते, पोराच्या हाताखाली झाकलेल्या खालच्या भागाकडे. मग त्यांनी मान सरळ केली.

“इचारा ना, गुरुजी,” बाबाराव म्हणाले. “कशावरून म्हना ना एकडाव.”

गुरुजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “असंन बाप्पा,” ते म्हणाले. “पेपरात हाये म्हनते त असंन.”

नागपूरची गाडी लागली. बाबारावांनी करंडी वर चढवून दिली. गुरुजी खिडकीशी बसले, छत्री गुडघ्यांमध्ये धरली, आणि गाडी निघाली. पोराने पान उलटलं आणि पुढची बातमी मोठ्याने वाचायला घेतली. आम्ही सगळे तिथेच उभे होतो, ऐकत होतो, आणि त्याला कोणीच काही विचारलं नाही.